ओल्ड नंबर वन: पेडलच्या शाफ्टपुरतीच खरी?

'ओल्ड नंबर वन' या बेंटलीबद्दल एक किस्सा अधूनमधून फिरत येतो. 1929 आणि 1930 ची ल माँ ही फ्रान्समधली 24 तासांची शर्यत जिंकलेली गाडी म्हणून जी एक कोटी पौंडांना विकली, तिच्यात मूळचा फक्त पेडलचा शाफ्ट होता. बाकी सगळं रिस्टोरेशनवाल्यांनी घडवलं. आणि कोर्टातही ती बनावट ठरली.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो साफ उलटा आहे. एप्रिल 1990 मध्ये मिडलब्रिज सिमिटार या कंपनीने सौदा केला, मग ही खरी ओल्ड नंबर वन नव्हेच म्हणत अंग काढून घेतलं. मालक कोर्टात गेला आणि जुलैमध्ये जिंकला. न्यायमूर्ती ऑटन यांनी तिला 'ओरिजिनल' म्हणायला नकार दिला हे खरं, पण त्याच निकालात ती 'जेन्युइन' आहे, 'ऑथेंटिक' आहे असंही म्हटलं. किस्सा सांगणारे अर्ध्यावरच थांबतात.

आता तो शाफ्ट. क्लच-ब्रेकचे पेडल ज्यावर बसतात तो दांडा. 1929 च्या गाडीतलं खात्रीने सांगावं असं काही उरलेलं नाही, हे मान्यच करावं लागतं. 1930 च्या गाडीतले मात्र तीन भाग उरले होते: हा शाफ्ट, गिअरबॉक्सचं केसिंग आणि स्टिअरिंग कॉलम. शिवाय 1932 ची चेसिस, पुढच्या ॲक्सलचा बीम आणि आठ लिटरचं इंजिनही होतं. म्हणजे सौद्याच्या वेळी गाडीतलं मुख्य लोखंड 58 वर्षांचं होतं. याला कालपरवा घडवलेलं कसं म्हणायचं?

मग बदललं कोणी? ज्यांनी ती पळवली त्यांनीच. 1929 ला वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन, 1930 ला बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन. बार्नाटो तर बेंटली कंपनीचा अध्यक्षच. शर्यतीची गाडी मोसमागणिक उघडली जाते, झिजलेलं निघतं, जास्त ताकदीचं बसतं. साडेसहा लिटरचं इंजिन जाऊन आठ लिटरचं आलं ते असंच. त्याच रूपात सप्टेंबर 1932 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवरच्या 500 मैलांच्या शर्यतीत ती बँकिंगच्या, म्हणजे वळणावरच्या तिरप्या चढाच्या, वरच्या कडेवरून बाहेर फेकली गेली आणि ती चालवणारा क्लाइव्ह डन्फी ठार झाला. त्याचा सख्खा भाऊ जॅक त्या दिवशी त्याच गाडीचा जोडीदार चालक होता. पुढे बार्नाटोने तिच्यावर बंद छपराची कूपे बॉडी चढवून तिला रस्त्यावर आणलं.

'मग काय, नाव सांभाळलं की कुठलीही नक्कल खपेल' असाही एक टोमणा असतो. नाही खपणार. भाग हळूहळू, वर्षानुवर्षं आत आले आणि गाडीत मुरले; मधे कुठेही ती संपून नव्याने सुरू झाली नाही. जुनी चेसिस दुसरीकडे कुणी जपून तिच्यावर आपली गाडी उभी केली असती, तर भांडण खरं होतं. पण या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटली ना आज आहे, ना कधी होती, असं निकालातच आहे. आपल्याकडेही इंजिन बदललं की आरसीवर इंजिनचा नवा नंबर चढतो, गाडी नवी होत नाही.

एक मात्र कबूल. 1929 च्या विजयातला पत्रा म्हणून कुणी या गाडीवर हात ठेवायला सांगितलं, तर ठेवू नका. गिअरबॉक्सवर ठेवा, तो निदान 1930 चा आहे.