इंजिनाला दम लागतो

आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, ठाम मत आहे की इंजिनाला कारखान्यातून मोजून श्वास देऊन पाठवतात आणि गाडी पळवणारे नालायक ते भसाभस उडवतात. स्वतः अण्णा त्या बाबतीत कमालीचे काटकसरी. कोथरूडच्या घरापासून भाजीबाजारापर्यंत ताशी तीस, तेही चौथ्या गिअरवर. डिझेलची गाडी खालून धडधडत कळवते की मालक, गिअर उतरवा. अण्णांना वाटतं, मजेत चाललीय.

एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्यानं दोन मिनिटांत निदान केलं. "काका, गाडी पळवतच नाही ना तुम्ही? डीपीएफ भरलाय, म्हणजे धुराची जाळी काजळीनं तुंबलीय. हायवेला काढा, चौथ्यावर ठेवा, दोन हजार आरपीएमच्या खाली येऊ देऊ नका. वीस-पंचवीस मिनिटं सलग."

अण्णा बाहेर येऊन माझ्या कानाशी लागले, "जावईबापू, डाव कळला का? आधी पळवून फोडायला सांगायची, मग इंजिनचं काम काढायचं."

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं नवं मानक आलं, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी आली. साठलेली काजळी जाळायला जाळीत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. भाजीबाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत ती यायची कुठून? इंजिन धड तापायच्या आत अण्णा किल्ली काढून मेथीचा भाव विचारायला लागलेले असतात. त्यात थंड इंजिनाच्या ऑइलमध्ये पाण्याचा अंश आणि न जळलेलं डिझेल उतरत राहतं. एवढं सगळं मी सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "तुम्ही इंटरनेटवर वाचलं असेल."

त्यांची भीती मात्र हवेतली नाही. त्यांची पहिली गाडी चार गिअरची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. पाचवा गिअर नसल्यानं ऐंशी-नव्वदला इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडायचं. खंडाळ्याचा घाट चढताना बॉनेट उघडून, इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवून निम्मा महाराष्ट्र कडेला उभा असायचा. त्या गाडीबाबत अण्णांचं शंभर टक्के खरं होतं. मधल्या काळात गाड्या बदलल्या, हे त्यांना कोणी लेखी कळवलेलं नाही, एवढंच.

तर आम्ही किवळ्याहून एक्स्प्रेसवेला लागलो. मागे बायको, शेजारी अण्णा. अण्णांनी काचेवर नखानं टकटक करून टेंपरेचरचा काटा अडकलेला नाही ना, हे तपासलं. काटा मधोमध होता. तो तिथंच राहतोय, हे अण्णांना जास्तच संशयास्पद वाटलं.

ऐंशी ओलांडले आणि गाडी 'टिंग' म्हणाली.

"बघा! गाडीच सांगतेय!"

"अण्णा, जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांत हे सक्तीचं आहे. ऐंशीच्या पुढं अधूनमधून वाजतं, एकशेवीसच्या पुढं थांबतच नाही."

"मग सरकार काय उगाच सक्ती करतं?"

यावर उत्तर नव्हतं. कारण सरकारला काळजी माझ्या मानेची आहे, इंजिनाची नाही, हे सांगितलं असतं तर मागच्या सीटवरून वेगळंच प्रकरण सुरू झालं असतं. आणि खरं तसंच आहे. शंभराला टॉप गिअरमध्ये आमचं इंजिन दोन हजारांच्या थोडं वर फिरतं, लाल पट्टा पार पाच हजारांशी. कूलंट, ऑइल जागेवर असेल तर आरपीएमचा काटा दिवसभर तिथं ठेवला तरी इंजिन कुरकुरणार नाही. उलट समोरून वारा रेडिएटरवर आदळतो, पंख्याला सुट्टी. वेगाची खरी किंमत मोजतात ते टायर, विशेषतः कमी हवेचे, कडेनं फुगून तापणारे. आणि खिसा, कारण वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट. ब्रेकचंही तेच. पन्नासला जेवढ्यात गाडी थांबते, त्याच्या चौपट रस्ता शंभरला लागतो. अण्णांचा उजवा पाय हे गणित न शिकता जाणत असावा. तो मॅटमधून खाली जायच्या बेतात होता.

मधेच मला घाम फुटू लागला. पाहतो तर अण्णांचा हात एसीच्या बटणावर.

"लोड कमी केला," ते हळूच म्हणाले.

मी एसी लावायचा, त्यांनी बंद करायचा. बायको मागून म्हणाली, "अरे, भांडा, पण खिडकी तरी उघडा कोणीतरी." अण्णांनी नकार दिला. उघड्या खिडकीनं हवा अडते आणि इंजिनाला ओढायला त्रास होतो. हे मात्र बरोबर होतं, आणि तेच खटकलं.

कामशेत मागे पडलं आणि पिवळा दिवा गेला. मी विजयी मुद्रेनं डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. अण्णांनी वाकून पाहिलं, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं.

"गेला खरा," ते म्हणाले. "एसी बंद ठेवल्याचा गुण. आता लोणावळ्यापासून मी घेतो. जुन्या हायवेनं, सावकाश. फार दमलीय ती."