मेळघाटातले लोक दवाखान्यात वेळेवर का येत नाहीत?

परवा नागपुरात, त्रिमूर्तीनगरात एका लग्नात जेवताना शेजारच्या ताईंनी विचारलं, "तुम्ही तिकडे नोकरी केलीत ना? मग सांगा बरं, हे मेळघाटातले लोक पोरगं पार हातचं जाईपर्यंत दवाखान्यात आणत का नाहीत?" मनात काही वाईट ठेवून विचारलं नव्हतं त्यांनी. पेपरात वाचून जीव तुटतो म्हणूनच विचारलं. पण मला तिथे बोलता आलं नाही, वाढपी समोर उभा होता, बँड वाजत होता. दोन दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. लांबेल, वाचा.

2006 ते 2011 मी अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या डोंगरात, चिखलदरा तालुक्यातल्या एका ढाण्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. ढाणा म्हणजे कोरकू आदिवासींची वस्ती. चाळीस घरं, दोन रांगा, मधून सरळ रस्ता, कुडाच्या भिंती शेणामातीने इतक्या नेटक्या सारवलेल्या की हात फिरवावासा वाटे. नागपूरहून अमरावती दीडशे किलोमीटर, तिथून परतवाडा पन्नासेक, आणि परतवाड्यानंतर घाट. एसटी फाट्यावर सोडायची. फाट्यापासून नऊ किलोमीटर पायी, मध्ये दोन नाले. पहिल्या दिवशी मी चपला हातात घेऊन पोचले तेव्हा अंधार पडला होता आणि गावातल्या बायका कंदील घेऊन अर्ध्या वाटेवर आल्या होत्या. कोणी सांगितलं असेल त्यांना, मी कधी विचारलं नाही.

त्या दोन नाल्यांबद्दल आधी सांगते, कारण ताईंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. मेळघाटात पाऊस प्रचंड पडतो. पण खाली काळा पाषाण, वर उभा उतार. पाणी थांबत नाही, सिपना, खापरा, गडगा या नद्यांतून धो धो तापीकडे निघून जातं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, कमरेइतकं पाणी आणि एप्रिलमध्ये त्याच गावाला टँकर. उन्हाळ्यात बायका कोरड्या नाल्यात हाताने वाळू उकरून झिरा करायच्या. पाणी झिरपेपर्यंत शेजारी बसून राहायचं, वाटीने हळूच भरायचं, गढूळ झालं की पुन्हा थांबायचं. एका घागरीला पाऊण तास. मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे.

या पाण्याने माणसं मरतात. 2022 च्या जुलैत पाचडोंगरी आणि कोयलारी या चिखलदरा तालुक्यातल्याच गावांत विहिरीचं दूषित पाणी पिऊन अतिसाराची लागण झाली, माणसं दगावली. नळयोजना होती. बिल थकलं म्हणून तिची वीज तोडलेली होती. भर पावसाळ्यात, चारी बाजूंनी पाणी पडत असताना, माणसं पाण्यापायी गेली. तेव्हा मी नागपुरात पंख्याखाली बसून ती बातमी वाचत होते आणि मला माझ्या वर्गातली पोरं दिसत होती.

पहिलीतली पोरं पहिल्या महिन्यात माझ्याशी एक शब्द बोलली नाहीत. मला वाटलं लाजतात. एक मुलगी रोज माझ्याकडे येऊन "डा, डा" म्हणायची आणि मी तिला म्हणायची, "हो हो, बस खाली." आठवड्याने मोठ्या वर्गातल्या मुलाने सांगितलं, "मॅडमजी, पानी मांग रही." आठ दिवस ती पोरगी माझ्याकडे पाणी मागत होती. ते आठवलं की आजही पोटात तुटतं. कोरकू ही मराठीची बोली नाही हो. ती मुंडा कुळातली भाषा आहे, संथाली आणि मुंडारीची बहीण, तिचे नातेवाईक थेट झारखंडात. 2011 च्या जनगणनेत सव्वासात लाखांहून जास्त लोकांनी ती आपली मातृभाषा सांगितली. मिया, बारी, अफई, उफून, मोनोई. एक ते पाच मी त्या पोरांकडूनच शिकले, आणि ज्या दिवशी फळ्यासमोर म्हणून दाखवले त्या दिवसापासून वर्ग बोलायला लागला.

आता मूळ गोष्ट.

माझ्या त्या वर्गातला एक मुलगा, आता पंचविशीचा, दोन लेकरांचा बाप. मागच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी त्याचा फोन आला. "मॅडमजी, मी नागपूरले आहो. पोराले भरती केलं." नंबर कुठून मिळवला विचारलं तर म्हणाला, शाळेच्या दाराआतल्या बाजूला तुम्ही लिहून ठेवला होता. तेरा-चौदा वर्षांनी तो अजून तिथे आहे.

आठ महिन्यांचं बाळ, वजन कमी, छातीत कफ भरून श्वास लागलेला. तो कसा आला ते त्याने मला व्हरांड्यात बसून सांगितलं, मी त्याच्याच क्रमाने सांगते. रात्री साडेनऊला बाळाच्या बरगड्या आत ओढायला लागल्या. गावात रेंज नाही. टेकडीवर एक सपाट दगड आहे, त्यावर उभं राहिलं की एक दांडी येते. पावसात भावाने तिथे जाऊन 108 ला फोन लावला. गाडी निघाली, पण रपट्यावर पाणी, गाडी पलीकडे आणि ही मंडळी अलीकडे. पहाटे पाणी उतरलं तेव्हा बाळाला फडक्यात छातीशी बांधून चार माणसांनी हातात हात धरून नाला ओलांडला. तिथून आरोग्य केंद्र. ऑक्सिजन लावला, पुढे न्या म्हणाले. तिथून अचलपूर. पुढे न्या. तिथून अमरावती. तिथेही एक रात्र काढून शेवटी नागपूर. चार ठिकाणी चार केसपेपर, प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून तेच प्रश्न. खिशात नऊशे रुपये घेऊन निघाला होता, सावकाराकडून नाही, बायकोच्या बचतगटातून.

ताई, हा माणूस वेळेवर निघाला होता. बरगड्या ओढल्या त्याच मिनिटाला निघाला. नागपूरच्या केसपेपरवर मात्र लिहिलेलं होतं: "उशिरा आणले."

त्याच कागदावर आईबद्दल लिहिलं होतं, "माहिती देत नाही, सहकार्य करत नाही." ती खाटेजवळ फरशीवर बसलेली, पदर कपाळापर्यंत. मी बाजूला बसले आणि माझ्या मोडक्यातोडक्या कोरकूत पाणी प्यालीस का विचारलं. डा एवढा एकच शब्द माझा नीट असेल. तिने पदर मागे केला, आणि मग ती थांबेचना. मला निम्मं कळत होतं, उरलेलं तिचा नवरा सांगत होता. तीन वेळा बाळाचं रक्त काढलं, ते कुठे नेलं? एवढ्याशा जिवात रक्त असतं किती? कोणी सांगत का नाही? पोराला नळी लावली तर त्याचा आवाज परत येईल का? रीतसर, शहाण्या आईने विचारावेत असे प्रश्न. चार दिवस ते तिच्या ओठावर होते आणि त्या वॉर्डात ते ऐकू शकेल असं एकही माणूस नव्हतं. नवऱ्याला आत थांबू देत नव्हते, बायकांचा वॉर्ड म्हणून.

अजून एक कळलं. ती चार दिवस जेवली नव्हती. भरती बाळाच्या आईला तिथे दोन वेळचं जेवण मिळतं. ट्रॉली येते, मावशी मोठ्याने हाक मारतात, ज्यांना कळतं त्या ताटली घेऊन उभ्या राहतात. आपल्याला घ्यायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. नवऱ्याने आणून दिलेल्या बिस्किटांवर राहिली आणि त्या उपाशी अंगावरच बाळाला पाजत होती.

मी तिथल्या सिस्टरना दोष देणार नाही. चाळीस खाटा, एका खाटेवर कधी दोन लेकरं, पाळीला दोन सिस्टर. त्यातल्या एकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, आज नाहीतर उद्या हे पळतील बघा. तिकडचे बरेचसे पळतातच. मग डामा लिहायचं अन् मोकळं व्हायचं." डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाणं. आणि खरंच, तो जायच्याच विचारात होता. घरी चार वर्षांची मुलगी आजीजवळ. आजीला डोळ्यांनी दिसत नाही. शेतातल्या कुटकीची निंदणी अंगावर. नऊशेतले एकशे चाळीस उरलेले. बाळ बरं होतंय की नाही हे कोणी त्याला समजेल असं सांगितलेलं नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं? मी असते तर कदाचित गेले असते.

गावात रात्री बाराला दार वाजवता येतं ते भूमक्याचं, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूचं. तो अंगारा देतो, आणि काही ठिकाणी तापलेल्या विळ्याने तान्ह्या पोराच्या पोटावर डागण्याही देतात, डंबा म्हणतात त्याला. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांच्या पोटावर मी ते व्रण पाहिलेत, आणि मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे, त्याने लेकरं मेलेली आहेत. ही प्रथा बंद झालीच पाहिजे. पण भूमका त्या आईशी तिच्या भाषेत बोलतो. तिच्या सासूचं नाव त्याला माहीत असतं. तो तिला उठवून चार गावं फिरवत नाही. त्याच्या दारातून तिला आपल्या दारात आणायचं असेल तर निदान एवढं तरी आपल्याकडे हवं ना?

आणि हे अशक्य नाही, आपल्याच नागपूरच्या माणसांनी करून दाखवलंय. डॉ. रवींद्र कोल्हे इथल्याच मेडिकलमध्ये शिकले, ऐंशीच्या दशकात चाळीस किलोमीटर चालत बैरागडला गेले, स्मिताताई नागपुरातली चालती प्रॅक्टिस सोडून त्यांच्यासोबत गेल्या. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांनी नुसती औषधं दिली नाहीत. शेती सुधारली, रेशनचं दुकान नीट चालवून दाखवलं, कारण पोटात काही नसेल तर औषध कुठे लागणार? धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव आणि त्यांच्या मंडळींनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी लेकरं तपासायला लावली. गावातली बाई म्हणजे कोरकू बोलणारी बाई. सगळं तिथे आहे.

बहुतेक दर डिसेंबरात आपल्या शहरात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. 1953 च्या नागपूर कराराने ते आपल्याकडे आलं, विदर्भाचं म्हणणं ऐकलं जावं म्हणून. तिथे दरवेळी मेळघाटचं कुपोषण निघतं, आकडे वाचले जातात, सभात्याग होतो. 1993 पासून हे चालू आहे. मी असं म्हणत नाही की काहीच झालं नाही. अंगणवाडीत गरोदर बायांना गरम जेवण मिळू लागलं, आरोग्य केंद्राजवळ माहेरघरं झाली, बाळंतपणाआधी येऊन राहण्यासाठी, ही फार चांगली सोय आहे. पण मी ज्या रपट्याबद्दल बोलते आहे तो 2006 मध्ये जेवढा होता तेवढाच आहे. तिकडे चिखलदऱ्यात दरीवर चारशे मीटरचा काचेचा स्कायवॉक उभारायला घेतला. व्हावा, पर्यटनावर तिथली पोटं चालतात, मला त्याचा राग नाही. पण दरीवर काच टाकता येते तर नाल्यावर चार हात उंच पूलही टाकता येतो, हे मला रोज वाटतं आणि मी ते म्हणत राहणार.

माझं मागणं अगदी साधं आहे. अचलपूर, अमरावती आणि नागपूर, जिथे जिथे मेळघाटचे पेशंट पाठवतात, तिथे प्रत्येक पाळीत एक कोरकू बोलणारं माणूस पगारावर नेमा. डॉक्टर नको, नर्सही नको, बारावी झालेली पोरगी चालेल. नागपुरात आदिवासी वसतिगृहांत कोरकू मुलं-मुली शिकतात, मी स्वतः सहा जणांना ओळखते. सोबत आलेल्या बापालाही दोन वेळचं जेवण आणि झोपायला जागा द्या. एवढं केलं तर निम्मे डामा थांबतील असं मला मनापासून वाटतं.

ते बाळ राहिलं. पळाले नाहीत. एकोणीस दिवस राहिले. मी शाळा सुटली की जायची, बाळाच्या आईला डब्यात वरण-भात न्यायची, आणि ट्रॉलीची हाक आली की तिच्यासोबत रांगेत उभी राहायची, चौथ्या दिवसापासून ती एकटीच उभी राहू लागली. जाताना बाळ पाचशे ग्रॅमने वाढलं होतं. बापाने वजनाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि मग पुन्हा काढून पाहिला.

ती 'पळतील' म्हणणारी सिस्टर. तिने हातमोज्यांचा रिकामा खोका फाडून सरळ केला आणि मला म्हणाली, "मॅडम, यावर लिहून द्या ना, पुढचे आले की मला लागेल." मी डा लिहिलं, समोर पाणी. जेवण, दूध, झोप, घाबरू नको, असे बारा शब्द झाले. तेराव्याला तिने विचारलं, "दुखतं का, याला काय म्हणायचं?" आणि मला आठवेना. पाच वर्षं तिथे राहून मला तो शब्द आठवेना. मी बाळाच्या बापाला फोन लावला, तो गावी पोचला होता, रेंजच्या बाहेर. निरोप टाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याचा फोन आला, दगडावरून. मागे वारा ऐकू येत होता. त्याने शब्द दोनदा सांगितला, माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला, तो लहान असताना मी त्याच्याकडून म्हणवून घ्यायची तसा. मी शाळेत जाण्याआधी दवाखान्यात गेले. सिस्टरची रात्रपाळी संपत होती. खोका तिने औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला होता, तेरावी जागा रिकामी ठेवून.