‘स्ट्रेच जीन्स एक नंबर लहानच घ्या’ म्हणणाऱ्यांना

एक मेसेज माझ्याकडे आतापर्यंत पाच-सहा जणांकडून फिरून आला आहे. ‘जीन्स घेताना पुरुषांनी फसू नये म्हणून’ असा मथळा आणि खाली ठोकून दिलेले नियम. स्ट्रेच म्हणजे खरं डेनिम नव्हेच. घ्यायचीच तर एक नंबर लहान घ्या, चार दिवसांत सैल होते. लेबलवर स्ट्रेचचा टक्का जितका जास्त तितका आराम जास्त. ट्रायल रूमची गरज नाही, कमरपट्टा गळ्याभोवती गुंडाळा, टोकं भिडली की माप बरोबर. कापड ताणतं, त्यामुळे घट्ट असली तरी अंगाला त्रास नाही. आणि शेवटचा नियम, जीन्स धुऊ नका. त्याखाली ‘सर्व मित्रांना पाठवा’ हे आलंच.

मी पँट बेततो, शिवतो आणि दुसरीकडून घेतलेल्या दुरुस्तही करून देतो. त्यामुळे या नियमांचे परिणाम माझ्या टेबलावर येऊन पडतात. बहुतेक जीन्स एकाच जागी गेलेल्या असतात: आसनाच्या, म्हणजे दोन पाय जुळतात तिथल्या, शिवणीच्या जरा खाली, दोन मांड्या एकमेकींना घासतात तिथे. म्हणून क्रम सोडून सुरुवात त्या ‘एक नंबर लहान’पासूनच करतो. सगळ्यात जास्त नुकसान तोच नियम करतो.

स्ट्रेच जीन्स वापरून थोडी सैलावते, इतपत म्हणणं खरं आहे. पण ती ताणते कशी ते आधी पाहू. डेनिममध्ये उभा धागा, म्हणजे ताणा, निळीत रंगवलेला असतो आणि आडवा धागा, बाणा, पांढरा. म्हणून तर जीन्स आतून फिकी दिसते. स्ट्रेच डेनिममध्ये बहुतेक वेळा फक्त या आडव्या धाग्याच्या पोटात इलास्टेनचा, म्हणजे रबरासारखा ताणणारा कृत्रिम, बारीक तंतू असतो आणि त्याच्याभोवती कापूस गुंडाळलेला असतो. उभा धागा निव्वळ सुती. याचा अर्थ असा की कापड अंगाभोवती ताणतं, लांबीत नाही.

खात्री करायची असेल तर घरातली एखादी स्ट्रेच जीन्स टेबलावर पसरा. मांडीच्या भागावर खडूने 10 सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा करा आणि कापड आडवं ओढा. खुणा 12 सेंटीमीटरवर गेल्या तर कापड 20 टक्के ताणतं असं समजा. आता तेच उभं ओढून बघा. जवळजवळ काहीच हलणार नाही.

यानंतर शिंप्याची टेप घ्या. मागच्या कमरेपासून पार्श्वभागावरून मांडीच्या मुळापर्यंतचं माप आधी उभं राहून घ्या, मग खुर्चीत बसून. बसल्यावर ते सहज पाच-सहा सेंटीमीटरनी वाढतं. शरीराला बसताना कापड हवं असतं ते लांबीत, आणि स्ट्रेच मिळतो तो आडवा. लांबीतले हे पाच-सहा सेंटीमीटर इलास्टेन कुठून आणणार? ते बेतातूनच यावे लागतात, म्हणजे मागच्या आसनाच्या उंचीतून (पायांच्या जोडापासून कमरपट्ट्यापर्यंतचं अंतर). ती कमी असेल तर बसलं की कमरपट्टा मागून खाली ओढला जातो. मग उठताना जीन्स मागून वर खेचायची जी लकब अनेकांच्या हाताला लागलेली असते, ती त्या माणसाची सवय नसते, त्या जीन्सचा दोष असतो. एक नंबर लहान घेतलीत की आसनही त्या प्रमाणात आखूड येतं, आणि नेमकं तेच कधी सैलावत नाही.

आडव्या दिशेचंही गणित सोपं आहे. कापड 20 टक्के ताणणारं आहे आणि लहान नंबरामुळे नुसतं उभं असतानाच मांडीवर 15 टक्के ताणलं गेलं, तर बसायला, जिना चढायला, उकिडवं व्हायला उरले पाच. स्ट्रेच हा हालचालीसाठी राखून ठेवायचा असतो. तो उभ्या उभ्या खर्च करून टाकला की तुमच्या अंगावर राहते ती न ताणणारी घट्ट जीन्स. शिवाय दिवसभर ताणून ठेवलेला तंतू पूर्ण परत येत नाही. गुडघ्यांवर फुगे येतात, मांडीवर बारीक लाटा उठतात आणि शेवटी शिवण उसवते किंवा कापडच विरतं. मग ते माझ्याकडे येतं आणि मला आतून ठिगळ लावून वर दाट टिपा माराव्या लागतात, ज्या कितीही केलं तरी दिसतातच.

आणि एक नंबर लहान म्हणजे नेमका कोणता? 2010 मध्ये एका अमेरिकी मासिकाने निरनिराळ्या दुकानांतल्या 36 नंबरच्या पुरुषी पँट टेपने मोजून पाहिल्या होत्या. प्रत्यक्ष कंबर 37 पासून 41 इंचांपर्यंत निघाली. गिऱ्हाइकाला आपण बारीक असल्यासारखं वाटावं म्हणून लेबलवरचा आकडा कमी ठेवायची ही जुनी रीत आहे. अशा आकड्यातून एक वजा करून काय हाती लागणार? त्यापेक्षा तुम्हाला बरी बसणारी एक जीन्स टेबलावर सपाट ठेवा आणि चार मापं लिहून ठेवा: कमरपट्टा, मांडी (आसनाच्या शिवणीखाली आडवी), पुढचं-मागचं आसन आणि आतल्या शिवणीची लांबी. नवीन जीन्सची हीच मापं याच्याशी ताडून बघा. लेबलकडे बघायचं कारणच उरत नाही.

अंगात घातल्यावर काय बघायचं? कमरपट्ट्यात दोन बोटं सहज जावीत, मूठ जाऊ नये. मांडीच्या सर्वांत जाड भागावर चिमटीत निदान एक सेंटीमीटरची घडी यावी. आसनापासून मांडीकडे पंख्यासारख्या आडव्या रेषा फुटल्या असतील तर मांडी किंवा सीट कमी पडते आहे. पुढच्या खिशांची तोंडं उघडी राहत असतील किंवा आतल्या खिशाच्या पिशवीचा आकार बाहेरून दिसत असेल, तरी तेच. हे सगळं नीट दिसलं की खाली बसा. ट्रायल रूममध्ये लोक आरशासमोर उभे राहतात, कंबर वळवून मागे बघतात आणि बाहेर येतात. बसून बघणारा क्वचितच. आणि जीन्स घालून दिवसाचा बराच वेळ आपण बसलेलेच असतो.

यावरून गळ्याच्या मापाकडे येतो, कारण तो नियम ट्रायल रूमच बंद करायला निघाला आहे. बटण लावलेली जीन्स कमरेवर सपाट धरायची, तो पट्टा गळ्याभोवती गुंडाळायचा आणि मागे टोकं भिडली की घ्यायची. यामागचं गृहीतक असं की गळ्याचा घेर कमरेच्या निम्मा असतो. 15 इंची गळा आणि 30 इंची कंबर असलेल्या माणसाला ते लागू पडेलही. पण वय वाढतं तशी कंबर वाढते, गळा त्या मानाने फारसा वाढत नाही. 15 इंची गळ्याचा आणि 36 कमरेचा माणूस या युक्तीने सहा इंच कमी पडणारी जीन्स घेऊन घरी येईल. त्यात जीन्स खऱ्या कमरेवर बसते की खाली नितंबांच्या हाडावर, हेही आसनाच्या उंचीप्रमाणे बदलतं. स्ट्रेचचा पट्टा तर ओढला की कुणाच्याही गळ्याला पुरतो. आणि सगळं जुळून आलं तरी कळते फक्त कंबर. मांडी आणि आसन याबद्दल गळा काय सांगणार?

टक्क्याच्या नियमात गफलत शब्दाची आहे. लेबलवर ‘98 टक्के सुती, 2 टक्के इलास्टेन’ असतं त्यातले 2 टक्के हे वजनाचे. कापड किती ताणेल तो आकडा तो नव्हे. इलास्टेन, स्पँडेक्स आणि लायक्रा ही एकाच तंतूची नावं, त्यातलं लायक्रा हे ब्रँडचं. हा तंतू मूळ लांबीच्या पाचपट-सहापट ताणला जाऊनही परत येतो, म्हणून चिमूटभरही पुरतो. तो किती ताणायला मिळेल हे विणीवर आणि धाग्याच्या दाटीवर ठरतं. त्यामुळे दोन जीन्सवर तेच 2 टक्के लिहिलेलं असलं तरी एक जेमतेम हलते आणि दुसरी रबरासारखी ताणते.

खरं विचारायचं ते हे की ताणलेलं कापड परत किती येतं. परत न आलेल्या वाढीला कापडाच्या धंद्यात ‘ग्रोथ’ म्हणतात, आणि जीन्स दुपारनंतर ढगळ का वाटते त्याचं उत्तर तिच्यात असतं. दुकानात याची चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. गुडघ्याच्या जागी आतून मूठ घालून कापड फुगवा, वीस-तीस सेकंद तसंच धरा, सोडा. फुगवटा लगेच बसला तर कापड चांगलं. तिथे वाटीसारखा खळगा राहिला तर जीन्स परत रॅकवर ठेवा, मग टक्का कितीही असो. लेबलवर थोडं पॉलिएस्टर दिसलं म्हणून नाक मुरडू नका. पुष्कळदा ते कापड परत यावं म्हणूनच घातलेलं असतं. कापडाचं वजनही विचारा. 12 औंसाचं डेनिम, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 400 ग्रॅम, आपला आकार धरून ठेवतं. खूप पातळ आणि खूप ताणणारं कापड अंगाच्या प्रत्येक खाचखळग्याची जाहिरात करतं.

‘खरं डेनिम नव्हे’ याला फार वेळ द्यायचं कारण नाही. डेनिम हे विणीचं आणि रंगवण्याच्या पद्धतीचं नाव आहे: तिरकी ट्विल वीण, निळा ताणा, पांढरा बाणा. जेकब डेव्हिस या शिंप्याला आणि लेव्ही स्ट्रॉसला 20 मे 1873 रोजी जे पेटंट मिळालं तेसुद्धा खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकायच्या तांब्याच्या रिव्हेटचं होतं, कापडाचं नव्हतं. इलास्टेन आलं 1958 मध्ये, ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांच्या हातून. त्याच्याही आधी, 1930 च्या दशकात, कापड कारखान्यातच आकसवून घ्यायची सॅनफोरायझिंगची पद्धत डेनिमला लागू झाली होती. शुद्धतेचा फारच आग्रह असेल त्यांनी मग पहिल्या धुण्यात आकसणारी जीन्स घालावी. एक मात्र प्रामाणिकपणे कबूल करतो. जाड, निव्वळ सुती डेनिम जास्त टिकतं. गुडघे टेकून खडबडीत जागी काम करणाऱ्याला मी स्वतः तेच सुचवतो, पण मांडीत आणि आसनात मोकळं बेतलेलं.

घट्टपणाचा अंगाला त्रास नाही, हे मात्र हसण्यावारी न्यायचं विधान नाही. नितंबाच्या पुढच्या हाडाजवळून एक मज्जातंतू मांडीच्या बाहेरच्या बाजूला उतरतो. घट्ट कमरपट्ट्याने किंवा बेल्टने तो दाबला गेला की मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या, जळजळ, बधिरपणा सुरू होतो. डॉक्टरी भाषेत त्याला ‘मेराल्जिया पॅरेस्थेटिका’ म्हणतात आणि घट्ट जीन्स हे त्याचं ओळखीचं कारण आहे. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका 35 वर्षांच्या बाईंची केस वैद्यकीय नियतकालिकात आली होती. स्किनी जीन्स घालून त्या घरसामान आवरताना तासन् तास उकिडव्या बसल्या होत्या. पायाच्या पोटऱ्या इतक्या सुजल्या की जीन्स कापून काढावी लागली. प्रसंग टोकाचा आहे, मान्य. पण कापड ताणतं तेव्हा ते दाबतही असतं, ही साधी गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेली नाही. संध्याकाळी जीन्स काढल्यावर कमरेवर शिवणीचा लाल वळ उमटलेला दिसत असेल, तर जीन्स बदलायला तेवढं कारण पुरे.

राहिलं धुणं. जिवाणूंच्या बाबतीत मेसेजवाल्यांना एक आधार सापडेलही. 2011 मध्ये अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने 15 महिने न धुतलेल्या जीन्सवरचे जिवाणू मोजले होते, मग ती धुऊन 13 दिवस घातली आणि पुन्हा मोजले. आकडे जवळपास तेच. पण ती होती कोरी, न धुतलेल्या डेनिमची जीन्स. असे शौकीन धुणं टाळतात ते अंगाच्या घड्यांप्रमाणे निळीवर उमटणाऱ्या खुणांसाठी. स्ट्रेच जीन्सला धुण्याची गरज वेगळ्याच कारणाने असते. पाण्यात गेल्यावर ताणलेलं कापड पुन्हा आवळून येतं आणि गुडघ्याचे फुगे बसतात. जपायचं ते उष्णतेला आणि क्लोरीनच्या ब्लीचला, दोन्हींनी इलास्टेन मरतं. गार पाण्यात, उलटी करून धुवा आणि ड्रायरऐवजी सावलीत वाळवा. पहिल्या वेळी वेगळी धुवा, रंग जातो.

उंची कमी करून घ्यायची असेल तर जीन्स आधी एकदा धुऊन वाळवा आणि मगच दुमड घालायला द्या. लांबीतला धागा निव्वळ सुती असल्यामुळे पहिल्या धुण्यात कापड लांबीतही थोडं आकसू शकतं. घाई करून पहिल्याच दिवशी कापून घेतात आणि दोन आठवड्यांनी तो कापलेला तुकडा पिशवीत घालून, ‘हा परत जोडता येईल का’ विचारत येतात, असे लोक मी पाहिले आहेत.