चांदणीखालचा प्लॉट

रविवारी नागपुरात पेपर उघडला की बातमी सापडेपर्यंत चहा निवतो. पहिलं पान जाहिरात, दुसरं तिचंच पोट. तिसऱ्यावर ‘परिसराचा कायापालट’ असा भारदस्त मथळा असतो; कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ‘जाहिरात’, शेवटी मोबाईल नंबर. बातमीखाली बुकिंगचा नंबर असला की ती बातमी नव्हे, एवढं धरून चाललं तरी अर्धं पान वाचायचं वाचतं.

उरलेल्या अर्ध्यात प्लॉट. ‘मिहानपासून (विमानतळाजवळचा उद्योग-प्रकल्प) फक्त 10 मिनिटे!’ ही मिनिटं लेआउटवाल्यांची. त्यांची गाडी पहाटे तीनला ताशी 80च्या वेगाने, एकही सिग्नल न लागता निघते, म्हणजे 13 किलोमीटर झाले. शिवाय ते मिहानच्या कुंपणापासून मोजतात, आपण शहराच्या मध्यातल्या बर्डीपासून. मौजाचं नाव मोबाईलच्या नकाशात टाकावं, निघायची वेळ सकाळी साडेनऊची लावावी, मग उपग्रहाचं चित्र बघावं. जाहिरातीत क्लबहाउस असतं तिथे बहुधा तूर उभी असते. (तुरीबद्दल माझी तक्रार नाही.)

भाव असतो ‘799 रुपये चौरस फूट*’. खरी जाहिरात त्या चांदणीत, म्हणून मी पान तळापासून वर वाचतो. 1,500 फुटांचे 11,98,500 होतात. चांदणीखाली फुटामागे 150 विकासशुल्क निघालं की आणखी 2,25,000. कोपऱ्याच्या प्लॉटचे, बागेसमोरचे वेगळे. मुद्रांक, रजिस्ट्री तर चांदणीलाही सांगाविशी वाटत नाही. केंद्राच्या 2022च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवा. भाव ठळक मराठीत अन् चांदणी बारीक इंग्रजीत असली, तर काहून, हे विचारायला 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

विशेषणांवर मी वेळ घालवत नाही. ‘निसर्गरम्य’ म्हणजे बस जात नाही. घातक शब्द साधे असतात. ‘आर.एल. प्रक्रियेत’ म्हणजे प्लॉटच्या मंजुरीचं ते सरकारी पत्र हातात नाही. ‘प्रस्तावित मेट्रो’ म्हणजे मेट्रो नाही. ‘मंजूर’ असेल तर कोणी केलं, आदेश क्रमांक काय, तारीख कोणती?

महारेराचा (घरबांधणी-प्लॉट प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) क्यूआर कोड 1 ऑगस्ट 2023पासून जाहिरातीत सक्तीचा आहे. तो नुसता पाहू नये, स्कॅन करावा. मौजा, खसरा (जमिनीचा सर्व्हे) नंबर, बिल्डरचं नाव जुळतं का, जमिनीवर बोजा किंवा कोर्टाची केस आहे का, तिथेच दिसतं. नेहमीची गोम अशी, की महारेराचा नोंदणी नंबर फेज 1चा असतो आणि विकायला काढलेली असते फेज 2.

राहिलं ‘फक्त 3 प्लॉट शिल्लक’. यासाठी चार रविवारची रद्दी विकायची नाही. मागच्या रविवारीही तीनच होते, त्याआधीही तीनच. ऑफरचा शेवटचा दिवस गुढीपाडवा असतो, आणि मग अक्षय्य तृतीयेला तो खरोखरच अक्षय्य होतो.