लंगडत खेळलेल्या माणसाला ‘ओव्हररेटेड’ म्हणता?

सात मिनिटं! एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, तिच्या २०२५च्या सात सामन्यांच्या अख्ख्या फायनल्सचा निकाल ज्या एका शेवटच्या सामन्यावर होता, त्यातली जेमतेम सात मिनिटं आमच्या इंडियाना पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन आमच्या वाट्याला आला. तेवढ्यात त्याने तीन थ्री (लांबून मारलेलं तीन पॉइंटचं बास्केट) मारले होते, नऊ पॉइंट झाले होते. मी सकाळी साडेपाचपासून चहाचा कप हातात धरून उभी, कारण बसून बघवतच नव्हतं. पहिल्या क्वार्टरची पाचेक मिनिटं उरलेली असताना तो बॉल घेऊन निघाला, उजव्या पायावर जोर दिला आणि कोसळला. कोणाचा धक्का नाही, कोणाचा पाय आडवा नाही. पडल्या जागी तळहाताने कोर्ट बडवत राहिला. मला रिप्ले बघायची गरजच नव्हती.

कॉलेजात आमच्या सिमेंटच्या कोर्टवर माझ्या टीममधली एक मुलगी अशीच पडली होती. पडल्या पडल्या मागे वळून म्हणाली, “लाथ कोणी मारली गं?” मागे कोणीच नव्हतं. टाचेमागची ती जाड दोरी, अकिलीज, तुटते ना, तेव्हा मागून कोणीतरी सणसणीत हाणल्यासारखं वाटतं. ती मुलगी परत कधी खेळली नाही. म्हणून हाफटाइमच्या सुमारास बातमी आली, की अकिलीजच आहे असं हॅलिबर्टनच्या वडिलांनी सांगितलंय, तेव्हा मला काही नवीन कळलं नाही. कप तसाच सिंकमध्ये ठेवला.

सामना आठच्या आसपास संपला. १०३-९१. आमचं इंडियाना हरलं, ओक्लाहोमा सिटी थंडर चॅम्पियन.

आणि साडेआठला मावसभावाचा मेसेज. त्याने सामना बघितलेला नाही. पाच मिनिटांचे हायलाइट्स बघितले असतील, तेही दात घासता घासता. आणि लिहितो काय, “तुझा हॅलिबर्टन नाजूकच निघाला. ओव्हररेटेड. थंडर तसेही जिंकलेच असते.”

नाजूक? दादा, तुझी जीभ कशी रेटली रे? याच फायनल्सच्या पाचव्या सामन्यात त्याची उजवी पोटरी दुखावली. सहापैकी एकही बास्केट पडलं नाही, तरी बाहेर बसला नाही. एमआरआय झाला, पोटरीचा स्नायू ताणलाय असं कळलं. तीन दिवसांनी, सहाव्या सामन्यात, तो त्याच पायावर २३ मिनिटं खेळला, १४ पॉइंट काढले आणि इंडियानाने १०८-९१ असा सामना काढून मालिका ३-३ वर आणली. हा नाजूक माणूस? तुला सर्दी झाली की दोन दिवस ऑफिसला दांडी असते.

आणि ‘ओव्हररेटेड’. या शब्दाने तर माझं डोकंच फिरतं. एप्रिलमध्ये खेळाडूंचं निनावी मतदान झालं आणि लीगमधला सगळ्यात ओव्हररेटेड खेळाडू म्हणून याचं नाव पुढे आलं. निनावी! तोंडावर बोलायची कोणाची हिंमत नाही. पुढे काय झालं? प्लेऑफ्स, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्या, सुरू झाल्या. मिलवॉकीविरुद्ध ओव्हरटाइममध्ये ४० सेकंद उरलेली आणि सात पॉइंटनी मागे. शेवटचा लेअप (बास्केटजवळून टाकलेला शॉट) याचा, ११९-११८. मग साखळीत ६४ सामने जिंकून आलेलं क्लीव्हलंड, त्यांच्याच घरी. परत सात पॉइंटनी मागे, एक मिनिटसुद्धा उरलेलं नाही. १.१ सेकंद असताना याचा थ्री, १२०-११९. मग न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीन मिनिटंही बाकी नसताना १४ने मागे, आणि बझरला याचा तो शॉट. रिमवर आपटून बॉल बोर्डच्याही वर उडाला, सगळ्या गार्डनने श्वास धरला, आणि सरळ जाळीत. बूट थ्रीच्या रेषेवर होता म्हणून तीनऐवजी दोनच मिळाले, नाहीतर तिथेच संपलं होतं. ओव्हरटाइममध्ये जिंकलोच.

फायनल्सचा पहिला सामना तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. ४८ मिनिटांच्या सामन्यात इंडियाना पुढे होतं ते फक्त शेवटचे ०.३ सेकंद. डोळ्याची पापणी लवते ना, जेमतेम तेवढा वेळ. १११-११०, शॉट कोणाचा? त्या ‘ओव्हररेटेड’चाच.

“तसेही जिंकलेच असते” हे तर सगळ्यात चीड आणणारं. सातव्या सामन्यात हॅलिबर्टन आत ड्रेसिंग रूममध्ये पडलेला असताना, त्याच्याशिवाय, हाफटाइमला इंडियाना ४८-४७ पुढे होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३४-२० झालं, तिथे दम संपला. थंडरबद्दल माझी तक्रार नाही. ६८ सामने जिंकलेली टीम आहे, शे गिल्जस-अलेक्झांडरने आज २९ पॉइंट आणि १२ असिस्ट दिले, ट्रॉफी हक्काने नेली. (चौथ्या सामन्यात ३८ फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दलचे मोकळे शॉट, मिळाले त्यांना. थ्री १७ पैकी तीनच पडले आणि तरी जिंकले. ते मी विसरलेले नाही.) पण हॅलिबर्टन उभा असता तर काय झालं असतं, हे कोणालाच कळणार नाही आता. तुलाही नाही.

माझा खरा राग लीगवर आहे. २०१९ला केव्हिन ड्युरँट या स्टार खेळाडूचं अगदी हेच झालं. आधी पोटरी, मग फायनल्सचा पाचवा सामना, मग अकिलीज. सहा वर्षांत कोणी काय शिकलं? या एकाच प्लेऑफ्समध्ये डेमियन लिलार्ड, जेसन टेटम आणि आता हॅलिबर्टन. तिघांचं अकिलीज, तिघांच्या पाठीवर शून्य नंबर. शून्य हा योगायोग असेल, बाकीचा मी मानायला तयार नाही. एका सीझनला ८२ सामने, त्यावर चार फेऱ्यांचे प्लेऑफ्स, मध्ये सततचा विमानप्रवास, आणि खेळ पूर्वीपेक्षा कितीतरी वेगवान झालेला. स्टीव्ह करसारखा कोच सांगून सांगून थकला की सामने कमी करा. पण सामने कमी केले की तिकिटं कमी, टीव्हीचा पैसा कमी. शरीर त्यांचं थोडंच आहे!

आणि ज्या फायनल्ससाठी ही पोरं शरीर मोडून घेतात, तिची किंमत लीगलाच नाही. पहिल्या सामन्यात कोर्टवर ट्रॉफीचं चित्रसुद्धा नव्हतं. लोकांनी ओरडा केल्यावर पुढच्या सामन्यात टीव्हीवर डिजिटल चिकटवलं. सहाव्या सामन्याच्या आदल्या दिवशी सगळीकडे चर्चा कशाची? लॉस एंजेलिसची लेकर्स टीम विकल्याची. गेम सेव्हनच्या दिवशी? ड्युरँट ह्यूस्टनला चालल्याची. २०१६नंतर पहिल्यांदा फायनल्स सातव्या सामन्यापर्यंत गेल्या होत्या हो! पण लहान शहरं ना, कोण विचारतो. “इंडियाना-ओक्लाहोमा कोण बघणार” हे मी महिनाभर ऐकतेय. मी बघत होते. रोज पहाटे उठून बघत होते. तीन वर्षं पैसे भरतेय त्या ॲपवर, जे आज चौथ्या क्वार्टरमध्ये दोनदा अडकलं, पण जाहिराती मात्र एकदाही अडकल्या नाहीत.

इंडियानाकडे १९७०, ७२ आणि ७३चे एबीए या जुन्या लीगचे किताब आहेत. एनबीएचा एकही नाही. २०००ला लेकर्सकडून सहा सामन्यांत हरलो. पंचवीस वर्षांनी परत दारात आलो आणि दारातच पाय गेला.

तरी आमच्या मॅथुरिनने आज २४ पॉइंट आणि १३ रीबाउंड काढले. मॅकॉनेल तिसऱ्या क्वार्टरमध्ये एकटा झुंजत होता. आणि सामना संपल्यावर हॅलिबर्टन कुबड्या घेऊन वाटेत उभा होता, आत येणाऱ्या आपल्या पोरांना भेटायला. ज्याची स्वतःची टाच तुटलीय तो दुसऱ्यांची समजूत काढत होता.

दादा, तो मेसेज डिलीट कर. मी एवढं सगळं लिहून तुलाच पाठवलंय, निळ्या खुणाही दिसल्या आहेत. उत्तर नको, फक्त डिलीट कर.