विद्यापीठाचं बोधचिन्ह नीट छापा हो!

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची पत्रिका हातात आली की डोकंच फिरतं. यंदाही तेच! बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नावाशेजारी गायकवाडांचं राजचिन्ह, खाली ‘जिन घर जिन तख्त’. अहो, ते खोगिरावर बसून राज्य कमावलेल्या घराण्याचं ब्रीद. विद्यापीठाचं ब्रीद ‘सत्यं शिवं सुन्दरम्’! सयाजीरावांबद्दल आदर मलाही आहे, पण महाराज गेले १९३९ला आणि विद्यापीठ झालं १९४९ला. दोन्हींची खूण एक कशी असेल?

मागे एकदा चिन्हाच्या जागी कला शाखेचा घुमट छापला होता. घुमट देखणाच, वास्तुविशारद चिझमच्या हातचा. पण ती इमारत आहे, बोधचिन्ह नव्हे.

आणि चुकून खरं चिन्ह आलंच, तर व्हॉट्सॲपवरून उचललेलं, आडवं ताणलेलं, कडा फुटलेल्या. ‘सुन्दरम्’मधल्या शेवटच्या म चा पाय मोडायचा राहिलेला. सांगायला गेलं की, “काका, चालतं हो, कोण बघतंय?” मी बघतो! तुमच्या पदवीच्या कागदावर असं छापून आलं असतं तर चाललं असतं? पुढच्या वेळी छपाईआधी प्रूफ दाखवा. दांडिया बाजारात छापखान्यात मी स्वतः येऊन बसेन.