नोंद कमी, म्हणून आजार कमी?

गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांच्या फोनवरून वाडीवाडीत एक मजकूर पोहोचला आहे. मानसिक आजार हे श्रीमंत देशांचे दुखणे आहे, 'सर्वांत आनंदी' फिनलंडमध्येच सर्वाधिक आत्महत्या होतात आणि कोकणात एकत्र कुटुंब व देवाचा आधार असल्यामुळे मानसोपचाराची गरजच नाही, असे त्यात म्हटले आहे. या मजकुरामुळे एखादे घर उपचार लांबवू शकते, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

श्रीमंत देशांत रुग्ण अधिक दिसतात, कारण तेथे त्यांची नोंद होते. इंग्लंडमध्ये 2008 पासून उभ्या राहिलेल्या सरकारी सेवेत नैराश्य किंवा चिंताविकार असलेली व्यक्ती स्वतः नाव नोंदवून मोफत समुपदेशन घेऊ शकते आणि असा प्रत्येक जण आकड्यात येतो. आपल्याकडे 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन विचारले, तेव्हा सुमारे 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

फिनलंडविषयीचे विधान जुने झाले आहे. तेथे 1990 च्या सुमारास लाखामागे 30 आत्महत्या होत. देशव्यापी प्रतिबंधक कार्यक्रम राबवला गेला आणि पुढे हे प्रमाण निम्म्याहून खाली आले. भारतात 2022 मध्ये पोलिसांच्या नोंदींनुसार ते 12.4 होते.

कुटुंबाचा मुद्दा मात्र गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्यात तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1960 च्या दशकाअखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा (भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचा) अभ्यास सुरू केला, त्यात आग्र्याचाही समावेश होता आणि विकसनशील देशांतील रुग्ण तुलनेने अधिक सावरल्याचे दिसले. पण ते रुग्ण उपचार केंद्रांपर्यंत आलेले होते, हे मजकूर लिहिणारा सांगत नाही. शिवाय 2022 च्या त्याच नोंदींत आत्महत्येचे सर्वांत मोठे कारण कौटुंबिक समस्या हेच होते (31.7 टक्के). आज आपल्या कितीतरी घरांत मुलगा मुंबईला आणि गावी म्हातारे आईवडील असतात. रुग्णाला सांभाळायचे ते त्या थकलेल्या आईनेच. 'बाहेरचे काहीतरी लागले' म्हणून देवाचा कौल आणि देवरुषी यांत महिने जातात. देवाला गाऱ्हाणे घालू नये असे मी म्हणत नाही, गाऱ्हाणे घालून डॉक्टरकडेही जावे एवढेच माझे सांगणे आहे.

आणि गरज नसती, तर राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक ब्रिटिश काळापासून रत्नागिरीत कशाला असते? अडचण अंतराची आहे: दोडामार्गच्या रुग्णाला रत्नागिरीपेक्षा गोव्यातील बांबोळीचे सरकारी मनोरुग्णालय जवळ पडते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे, तेव्हा गोळ्या आणि तपासणी तालुक्याच्या रुग्णालयातच मिळावी ही मागणी ग्रामसभांनी करायला हवी. तोपर्यंत 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या) क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य, मराठीत बोलता येते.